सतरा प्रमाणपत्रं आणि एक नोंदवही

आदरणीय ताई,

मी तालुक्याच्या गावातल्या, सरकारी अनुदानाच्या 'ब' वर्गातल्या वाचनालयात ११ वर्षं ग्रंथपाल आहे. ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षा लग्नाआधी दिली होती. आमच्याकडे साडेनऊ हजार पुस्तकं, आणि माणसं तीन : मी, एक लिपिक, एक शिपाई. टाळेबंदीत घरी बसून मी वेबिनार ऐकले, १७ ई-प्रमाणपत्रं जमली, पण आलेल्या प्रत्येक पुस्तकाची दाखल नोंदवही अजून हातानंच लिहिते. देणगीत आलेला संगणक दोन वर्षं प्लॅस्टिकखाली झाकलेला आहे. नवे कार्यवाह तरुण आहेत. ते म्हणतात, आता सगळं शिक्षण ऑनलाइन फुकट मिळतं, शिका. रोज दोन-तीन लिंका पाठवतात. कधी शिकायचं ते मात्र सांगत नाहीत. घरी गेल्यावर स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, आणि मोबाइल दोघांत एक. मागच्या सभेत मी धीर करून म्हटलं की विश्वस्तांसाठीही असं काही शिक्षण असेल तर आपण सगळेच शिकू. अध्यक्षांना राग आला. "आम्ही ४० वर्षं वाचनालय चालवतोय, आम्हाला कोण शिकवणार?" म्हणाले. माझं चुकलं का? आणि खरंच शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

– एक ग्रंथपाल

ता. क. अध्यक्ष म्हणतात, ती १७ प्रमाणपत्रं फ्रेम करून भिंतीवर लावा, तपासणीला बरं दिसेल. लावू का?

*

ताई,

तुमचं चुकलं नाही. चुकली असेल तर जागा चुकली. भरल्या सभेत, इतिवृत्त लिहिलं जात असताना, पगारी ग्रंथपालानं विश्वस्तांना "तुम्हीही शिका" म्हटलं की समोरच्याला शिक्षण ऐकूच येत नाही, अपमान तेवढा ऐकू येतो. पण मुद्दा तुमचाच खरा आहे. त्याकडे मी येतेच, कारण माझ्या मते तुमच्या वाचनालयात शिक्षणाची जास्त गरज टेबलाच्या त्या बाजूला आहे.

आधी तुमचं पाहू.

१७ प्रमाणपत्रं मिळवूनही नोंदवही हातात राहिली, यात तुमचा आळस नाही. २०२० साली त्या वेबिनारांचा पूर आला होता. कुठल्याशा महाविद्यालयात दीड तास भाषण, शेवटी एक फॉर्म, आणि संध्याकाळी तुमच्या नावाचं रंगीत प्रमाणपत्र. मीही चार-पाच मिळवली, खोटं कशाला बोलू! त्यातल्या एकाचा विषय आज विचाराल तर सांगता यायचा नाही. ऐकून आलेली गोष्ट हातात उतरत नाही, आणि आपलं काम तर सगळं हाताचंच. पुस्तकांचं विषयवार वर्गीकरण काय, तालिकीकरण म्हणजे सूची करणं काय, एकदा तरी स्वतः चुकल्याशिवाय येत नाही.

म्हणून कोर्स शोधण्याआधी टेबलावरची एक अडचण निवडा, एकच. तुमच्या पत्रावरून मला ती नोंदवहीच दिसते. मुलं येत नाहीत, वर्गणी थकते, सेवा कशी द्यावी, हे सगळं पुढच्या वर्षी पाहू. यंदा नोंदवही संगणकावर न्यायची आणि त्यासाठी लागेल तेवढंच शिकायचं. कार्यवाहांच्या लिंका येत राहतील, त्यांना अंगठा दाखवा (व्हॉट्सॲपवरचा, सरळ) आणि पुढे चला.

आता हे शिकायचं कुठे? मुंबई आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल नावाचा उपक्रम आहे, पूर्ण मोफत. कोहा या ग्रंथालय प्रणालीवर त्यांची पाठांची अख्खी मालिका आहे. पाठ लहान असतात आणि ते बघण्यासाठी नव्हे, करण्यासाठी बनवलेले असतात. पडद्याच्या एका बाजूला पाठ चालू ठेवायचा, दुसऱ्या बाजूला ती प्रणाली. बाई सांगते "इथे क्लिक करा", की पाठ थांबवायचा, क्लिक करायचं, मग पुढे जायचं. दहा मिनिटांच्या पाठाला पाऊण तास लागतो आणि लागायलाच हवा. त्याच ठिकाणी संगणकाची अगदी प्राथमिक ओळख, तक्त्यात (स्प्रेडशीटमध्ये) आकडे भरणं असे पाठ आहेत आणि त्यांतले बरेच मराठीत ऐकता येतात. तुम्ही सुरुवात कोहापासून करू नका, तक्त्याच्या पाठांपासून करा. का ते सांगते.

कोहा चांगलीच आहे. तिची जन्मकथा तर तुमच्या अध्यक्षांना सांगण्यासारखी आहे. न्यूझीलंडमध्ये होरोव्हेनुआ नावाच्या भागात वाचनालयं चालवणारा एक न्यास आहे. १९९९ साली त्यांच्या लक्षात आलं की आपली जुनी संगणक प्रणाली २००० सालाचा आकडा पेलणार नाही. नवी विकत घेणं परवडेना. मग त्यांनी एका छोट्या कंपनीकडून स्वतःची प्रणाली लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती सुरू केली आणि जगात कुणालाही फुकट वापरता यावी म्हणून खुली करून टाकली. कोहा हा माओरी भाषेतला शब्द आहे, अर्थ भेट, आहेर. आज जगभर हजारो ग्रंथालयं ती वापरतात. सुरुवात एका गावकुसाच्या न्यासाच्या निर्णयातून झाली.

पण ती बसवायला आणि चालती ठेवायला लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली जाणणारा माणूस हाताशी लागतो. तालुक्याच्या गावात असा मुलगा मिळतो, बसवूनही देतो, आणि मग पुण्याला नोकरी लागली की निघून जातो. त्याच्यामागे तुम्ही आणि बंद पडलेला संगणक. हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेची ई-ग्रंथालय ही प्रणालीही मोफत आहे आणि तिची नवी आवृत्ती इंटरनेटवर चालते, म्हणजे तुमच्या संगणकावर काही सांभाळावं लागत नाही. तुम्हाला ती घेता येईल का, हे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी विचारा. लेखी म्हणजे लेखीच. तोंडी विचारलेल्याला आपल्याकडे तोंडीच उत्तर मिळतं आणि ते दुसऱ्या दिवशी बदलतं.

प्रणाली कुठलीही येवो, तिला तुमच्या नोंदी तक्त्यात लागणार. म्हणून आजपासून साधा तक्ता उघडा आणि दाखल नोंदवहीतले रकाने त्यात उतरवायला लागा : दाखल क्रमांक, दाखल तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशन वर्ष, पानं, किंमत, वर्गांक (पुस्तकाच्या विषयाचा क्रमांक), शेरा. एका रकान्यात एकच गोष्ट. लेखकाचं आडनाव आधी लिहायचं की नाव आधी, हे पहिल्या दिवशी लिपिकाबरोबर बसून ठरवा आणि भिंतीवर चिकटवा. नाहीतर एकच लेखक तीन नावांनी नांदायला लागतो.

आणि टाइप करायचं ते युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीनं. हे वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं, पण संपादक लिहू देत नाहीत. एका वाचनालयानं कुणा डीटीपीवाल्याकडून सात हजार पुस्तकांच्या नोंदी जुन्या फाँटमध्ये करून घेतल्या होत्या. छापील यादी देखणी झाली. तीन वर्षांनी संगणक बदलला, तो फाँट नव्या संगणकावर नव्हता, आणि सात हजार नोंदींच्या जागी पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा खिचडा. पैसे गेले ते गेले, पण ज्या मुलीनं आठ महिने बसून ते तपासलं होतं तिचा चेहरा मला अजून आठवतो. इनस्क्रिप्ट कळफलक शिका. पहिले आठ दिवस वैताग येतो, मग बोटं आपोआप चालतात. मराठीचा आला की हिंदीचाही आलाच, कळांची मांडणी तीच आहे.

रोज २० नोंदी केल्या आणि महिन्याचे २४ दिवस धरले तर साडेनऊ हजार पुस्तकांना साधारण २० महिने लागतात. लिपिकही बसला तर १०. आकडा बघून घाबरू नका, उलट तो सभेत सांगा. "संगणकीकरण करू" या ठरावाला काही अर्थ नसतो. "रोज ४० नोंदी, १० महिने" म्हटलं की खजिनदारालाही कळतं. त्यातच फाटकी, हरवलेली, कधीच कुणी न नेलेली पुस्तकं समोर येतील. त्यांची वेगळी यादी ठेवत चला, निर्लेखनाच्या, म्हणजे पुस्तकं नोंदीतून कमी करण्याच्या, ठरावाला ती आयती मिळेल.

बाकीची ठिकाणं झटपट सांगते. इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर ग्रंथालयशास्त्राच्या पदवीचं पाठ्यसाहित्य मोफत वाचायला मिळतं. वर्गीकरणात अडलं की तिथलं त्या विषयाचं प्रकरण उघडा, अख्खा अभ्यासक्रम वाचत बसू नका. केंद्र सरकारचं स्वयम् हे ऑनलाइन कोर्सचं संकेतस्थळ २०१७ पासून सुरू आहे. शिकणं मोफत, पण परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क भरावं लागतं. तिथले ग्रंथालयशास्त्राचे कोर्स बहुतेक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना समोर ठेवून केलेले आणि इंग्रजीत आहेत. परदेशातलं वेबजंक्शन हे प्रशिक्षणाचं संकेतस्थळ अमेरिकेतल्या ओसीएलसी या ग्रंथालय संस्थेनं २००३ मध्ये सुरू केलं. छोट्या सार्वजनिक वाचनालयांच्या रोजच्या कामाला धरून असलेलं इतकं नेमकं साहित्य मला दुसरीकडे दिसलेलं नाही : जुनी पुस्तकं कशी काढावीत, चिडलेल्या वाचकाशी कसं बोलावं, एकट्या माणसानं वाचनालय कसं चालवावं. तिथे कुठल्याही देशातल्या ग्रंथालय कर्मचाऱ्याला मोफत खातं उघडता येतं. भाषा इंग्रजी, पण साधी. कार्यवाहांना उत्साह आहे ना? मग महिन्याला तिथला एक पाठ ऐकून मराठीत दोन पानांत उतरवून देण्याचं काम त्यांना द्या. लिंका कमी होतील.

एक सावधगिरी. "मोफत कोर्स, प्रमाणपत्रासाठी फक्त १९९ रुपये" असलं काही आलं, किंवा नोंदणीला आधार क्रमांक मागितला, तर तिथेच थांबा. आणि पदोन्नती, वेतन, पात्रता यांचा विचार असेल तर या मोफत प्रमाणपत्रांवर भिस्त ठेवू नका. अनुदानाच्या नियमांत ग्रंथपालाची पात्रता म्हणून ग्रंथालय प्रमाणपत्र आणि पदवी विचारली जाते, वेबिनार नव्हे. पदवी करायची इच्छा असली तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ती मराठीतून देतं. ते मोफत नाही, पण तो कागद चालतो.

आता वेळेचं. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते वाक्य हेच : कधी शिकायचं ते सांगत नाहीत.

सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात सार्वजनिक वाचनालयांचं जाळं उभं करायचं ठरवलं तेव्हा १९१० साली विल्यम बोर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेहून आणला, आणि १९११ मध्ये त्याच्याकडून कर्मचाऱ्यांचा प्रशिक्षण वर्ग सुरू करवला. नुसत्या इमारती बांधून भागत नाही, आत बसणारा माणूस शिकलेला लागतो, हे त्या राजाला शंभर वर्षांपूर्वी समजलं होतं आणि त्याचा खर्च संस्थानानं उचलला होता. आता शिकवणारा खिशातल्या मोबाइलात फुकट येऊन बसलाय, म्हणून आपल्या संस्थांना वाटतं की शिकण्याचा खर्च शून्य झाला. झालेला नाही. तो गुपचूप तुमच्या स्वयंपाकघरात सरकवला आहे. रात्री साडेदहाला, भांडी आवरल्यावर, मुलाचा अभ्यास संपून मोबाइल मोकळा झाल्यावर तुम्ही वाचनालयासाठी शिकायचं आणि संस्थेनं वार्षिक अहवालात लिहायचं, "कर्मचाऱ्यांनी प्रशिक्षण घेतले". हे मला मान्य नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतं. ग्रंथपालाच्या वेळेविषयी त्यांनी सहावं लिहायला हवं होतं.

तेव्हा मागणी करा, पण छोटी आणि मोजकी. कुठल्याही वाचनालयात दुपारचा एक तास असा असतो की वर्तमानपत्रवाले आजोबा जेवायला गेलेले असतात आणि शाळा सुटायची असते. तो तास कुठला ते तुम्हाला माहीत आहे. आठवड्यातून दोनदा तो तास, वाचनालयाच्या संगणकावर, कामाच्या वेळेत, प्रशिक्षण म्हणून. हेडफोन आणि इंटरनेटचं रिचार्ज किरकोळ खर्चातून. एवढा ठराव करून घ्या आणि इतिवृत्तात आला का ते बघा. ठरावाचा मसुदा तुम्हीच लिहून कार्यवाहांकडे द्या. आपल्याकडे तयार मसुद्याला विरोध कमी होतो, कारण नाही म्हणायचं तर दुसरा लिहावा लागतो. त्या तासाला देवघेव लिपिक बघेल. पुढच्या महिन्यात तो शिकेल, तुम्ही देवघेव बघा. आणि शिपायालाही पहिल्या दोन-तीन पाठांना बसवा. तुम्ही रजेवर असताना संगणक चालू करणारा कुणीतरी हवा, आणि बहुतेक वाचनालयांत सगळ्यात जास्त वर्षं टिकणारा माणूस तोच असतो.

आता टेबलाची दुसरी बाजू. हा भाग कार्यवाहांनाही वाचायला द्या.

"आम्ही ४० वर्षं चालवतोय" हे अध्यक्षांचं म्हणणं खोटं नाही. महाराष्ट्रातली वाचनालयं अशाच लोकांनी चालवली आहेत, पदरमोड करून, पावसाळ्यात स्वतः कौलं बदलून. रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४० चं, ही सरकारनं नव्हे, गावानं टिकवली. त्या निष्ठेपुढे मी कोण बोलणारी? पण निष्ठा आणि माहिती या दोन गोष्टी आहेत. विश्वस्त हा शोभेचा मान नाही, ती कायद्यानं अंगावर आलेली जबाबदारी आहे, आणि ती न वाचता सही करणारे मी खूप पाहिले.

माझ्या माहितीतलं एक वाचनालय सांगते, गाव सांगत नाही. खजिनदार वारले. नवे निवडले, सभेत टाळ्या झाल्या, पेढे झाले. बँकेत सही बदलायला गेले तर बँकेनं धर्मादाय कार्यालयाकडचा विश्वस्तांच्या नावांचा उतारा मागितला. उतारा काढला, तर त्यावरच्या सातांपैकी तिघं हयात नव्हते आणि एक अमेरिकेत मुलाकडे. १२ वर्षं कुणी बदल अर्जच दिला नव्हता. चेंज रिपोर्ट म्हणतात तोच. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्यात, कलम २२ मध्ये, असा बदल झाला की ९० दिवसांत कळवा असं लिहिलं आहे. मग वकील, विलंबमाफीचा अर्ज, जुन्या सभांची इतिवृत्तं शोधणं, मृत्यूचे दाखले. खात्यात अनुदान आलेलं, पण सात महिने ग्रंथपालाला पगार नाही, कारण धनादेशावर सही कुणाची चालणार तेच ठरेना. आणि ते सगळे सज्जन होते बरं का. एकानंही एक रुपया खाल्लेला नव्हता.

तुमच्या वाचनालयाच्या तळमजल्यावर भाड्यानं दिलेला गाळा आहे का? बहुतेकांच्या असतो. त्याच कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हे ठाऊक असलेला विश्वस्त मला दहांत एक भेटतो. हिशेब तपासणी, शिल्लक रक्कम कुठे गुंतवायची, हे पुढच्या-मागच्याच कलमांत आहे. म्हणजे विश्वस्तांचा अभ्यासक्रम काही अगडबंब नाही. आपल्या संस्थेची घटना, जी कपाटात कुठेतरी आहे आणि शेवटची कधी वाचली ते कुणाला आठवत नाही. १९५० च्या कायद्याची पाच-सहा कलमं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७, आणि त्याखालचे अनुदानाचे १९७० चे नियम. कायदे आणि नियम सरकारी संकेतस्थळांवर मराठीत मोफत मिळतात. प्रत्येक सभेच्या आधी २० मिनिटं काढली तर वर्षभरात सगळं वाचून होतं.

विश्वस्तांना शिकवणं ही काही तुमच्या डोक्यातून निघालेली आगाऊ कल्पना नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यानं तर त्याचा कायदाच केला. १ जानेवारी २०२३ पासून तिथल्या सार्वजनिक वाचनालयांच्या प्रत्येक विश्वस्ताला दरवर्षी किमान दोन तासांचं शिक्षण घ्यावंच लागतं. त्यासाठीचे ऑनलाइन वर्ग आणि विश्वस्तांचं मार्गदर्शक पुस्तक तिथे मोफत उपलब्ध आहे. तिथलेही विश्वस्त बिनपगारी, हौशी, गावातले प्रतिष्ठित, आणि अनेक जण आपल्यासारखेच पिकल्या केसांचे. त्यांचे कायदे आपल्या कामाचे नाहीत, पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. विश्वस्तानं काय करायचं आणि ग्रंथपालानं काय करायचं याची रेघ ते शिक्षण फार स्पष्ट आखतं. धोरण, अंदाजपत्रक, नेमणूक, इमारत ही कामं विश्वस्तांची. रोजचा कारभार ग्रंथपालाचा. आपल्याकडे अध्यक्ष पुस्तकाचं कव्हर कुठल्या रंगाचं घालायचं ते ठरवतात आणि गाळ्याचा करार न वाचता सही करतात. नेमकं उलटं.

हे तुमच्या विश्वस्तांपर्यंत कसं न्यायचं? तुम्ही न्यायचं नाही. तुम्ही त्यांच्या नोकर आहात, शब्द कडू आहे पण व्यवस्था तीच आहे, आणि नोकरानं शिकवलेलं मालकाला रुचत नाही. कार्यवाहांना पुढे करा. "प्रशिक्षण" हा शब्दच काढून टाका. पहिल्या महिन्यात तुमच्या हिशेब तपासनिसांना चहाला बोलावा आणि अर्धा तास बोलायला सांगा, विषय : आपला शेवटचा बदल अर्ज कधी गेला. एवढंच. सनदी लेखापालानं सांगितलेलं सगळे ऐकतात, त्यात पैशांचा वास असतो. दुसऱ्या महिन्यात घटना वाचा, मोठ्यानं, आळीपाळीनं. हसू येईल अशी कलमं सापडतात. आमच्याकडच्या एका घटनेत वाचनालयात "पानसुपारी व उपद्रवी जनावरे" आणू नयेत असं होतं. तिसऱ्या महिन्यापासून ते स्वतःच विचारायला लागतील.

आणि अध्यक्षांसाठी एक वेगळी युक्ती. त्यांना शनिवारी संध्याकाळी दोन तास देवघेवीच्या खिडकीवर बसायची विनंती करा. "साहेब, वाचकांना तुम्हाला भेटायचं असतं" म्हणा, आणि ते खरंही आहे. कुणीतरी एखादं पुस्तक मागेल, तुम्ही नोंदवहीची चार पुस्तकं उलटीपालटी कराल, मग कपाट, मग शिपायाला माळ्यावर पाठवाल. वाचक घड्याळ बघेल. ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर घडू द्या. तुम्ही काही बोलू नका. आमच्या अध्यक्षांनी असा एक शनिवार काढला आणि सोमवारी विचारलं, "बाई, तो संगणक झाकून का ठेवलाय?" मी म्हटलं, "धूळ बसते म्हणून." पुढच्याच सभेत माझा तास मंजूर झाला.

जिल्हा ग्रंथालय संघाची कार्यशाळा असेल तेव्हा मात्र ऑनलाइनच्या भरवशावर ती चुकवू नका. तिथे जेवणाच्या रांगेत शेजारच्या तालुक्याची ग्रंथपाल भेटते, जिनं हे सगळं तुमच्याआधी सहा महिने केलेलं असतं, आणि तिचा फोन नंबर कुठल्याही कोर्सपेक्षा उपयोगी पडतो.

तुमच्या ता. क. चं उत्तर : नका लावू. तपासणीला येणारे अधिकारी भिंत बघत नाहीत, नोंदवही बघतात. फ्रेमचे पैसे हेडफोनला घाला. त्या भिंतीवर खिळा आधीच मारलेला असेल तर वाचनालयाची वेळ लिहिलेली पाटी लावा. दारावरची एकदा वाचून बघा, सुट्टीचा वार अजून जुनाच असेल.